डोणीतलं तांबडं पाणी

१

अमावस्येच्या रविवारी, दिवस उगवता उगवता कस्तुराबाईनं अशी किंकाळी फोडली की बेंबळीच्या शिवाराकडेची ती वीस घरांची वस्ती अंथरुणासकट उठून बसली. वर्षाराणी चुलीपुढून तशीच धावली. किंकाळी तिच्याच दारापुढून आली होती.

दारापुढं दगडाची लांबट, उथळ डोण होती. मेंढरांची खुरं सडू नयेत म्हणून तिच्यात खड्याच्या मिठाचं दाट पाणी करायचं आणि कळप त्यातून चालवायचा, ही तिच्या सासूची, म्हाळसाबाईची, जुनी रीत. शनिवारी दिवस मावळताना वर्षाराणीनंच ती भरली होती. तेव्हा पाणी एवढं नितळ होतं की तळाचे छिन्नीचे घाव मोजता आले असते. आता ते काठोकाठ तांबडं झालं होतं.

"रगत!" कस्तुराबाई डोणीकडं बोट करत होती. "माझ्या अकरा मेंढरांचं रगत हाय ह्ये!"

तीन आठवड्यांपूर्वी शेजारच्या कस्तुराबाईची अकरा मेंढरं एका दिवसात पाय झाडून मेली होती. आणि त्याच्या आदल्या दिवशी म्हाळसाबाई तिच्या दारात उभी राहून, सगळ्यांच्या देखत "मेंढरं मरतील" म्हणाली होती. ते शब्द वस्ती विसरली नव्हती. तेव्हापासून बायका म्हातारीची सावली चुकवून पाण्याला जात होत्या आणि पोरांना तिच्या दारावरून पळत जायला शिकवत होत्या.

भानामती हा शब्द तेवढा कुणी मोठ्यानं काढला नव्हता. तो काढला उमाशंकरनं.

उमाशंकरचं बेंबळीच्या रस्त्यावर जनावरांच्या औषधांचं दुकान. त्याच्या डॉक्टरकीचा कागद कुणी पाहिला नव्हता, पण वस्तीत ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर. निरोप जायच्या आतच त्याची मोटारसायकल येऊन थांबली. त्यानं डोणीच्या तळाचा दाट तांबडा गाळ वाटीत घेतला आणि वाटी सगळ्यांपुढं धरली.

"ह्यात आडाचं गोडं पाणी घालतो. नुसता रंग असंल तर फिका पडंल. करणी असंल तर तार धरंल. नीट बघा."

त्यानं पाणी ओतलं, काडीनं ढवळलं आणि काडी वर उचलली. काडीबरोबर शेंबडासारखी लांब, गुलाबी तार उठली. माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत मागं सरली. वर्षाराणीच्या तोंडचं पाणी पळालं.

कस्तुराबाईचा लेक बालाजी पुढं आला. त्याचे डोळे डोणीसारखेच झाले होते. "मंगळवारी धा वाजता पारावर कढई चढंल. उकळत्या तेलातनं म्हातारीनं नाणं काढायचं. हात भाजला न्हाय तर आमी पाया पडू. भाजला तर वस्ती सोडायची, सुनंसकट."

म्हाळसाबाई उंबऱ्यावर बसून होती. मोतीबिंदूनं दुधाळलेले डोळे आवाजांच्या रोखानं फिरवत ती एवढंच म्हणाली, "म्या काय केलं न्हाय."

तिचा मुलगा सिदू कळप घेऊन नळदुर्गच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला गेला होता. त्याचा फोन लागत नव्हता. घरात दोघीच, एक आंधळी होत चाललेली आणि दुसरी भेदरलेली. आणि त्या दुसरीला वस्तीपेक्षाही मोठी भीती वाटत होती. हा तांबडा रंग तिच्या ओळखीचा होता. आठवड्यातले सहा दिवस ती तो रंग स्वतःच्या हातानं धुवत होती.

२

वर्षाराणी धाराशिवच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेची परिचर होती. तिथं शिवप्रिया मॅडमच्या कपाटात चौदा बाटल्या होत्या. राजस्थानात सांभर नावाचं खारं सरोवर आहे. मॅडमनी तिथून पाणी आणून त्यातले जिवाणू वाढवले होते. चौदाही बाटल्या तांबड्या.

सोमवारी सकाळी पहिल्या बसनं पोचून तिनं कपाट उघडलं आणि मोजलं. तेरा. पुन्हा मोजलं. बाटल्या तेराच होत्या.

आपल्याच पदराला, डब्याला, बोटांना लागून हे घरी गेलं असेल का? का आत्याच, सासूच, कधीतरी... तिनं तो विचार तोडला. तरी तो खोटा नव्हता. तीन आठवडे ती सासूच्या हातचा चहा घेत नव्हती. कप घ्यायची, गोठ्यामागं जायची आणि ओतून द्यायची. शिकल्या-सवरल्या बाईला हे शोभत नाही हे तिला कळत होतं, पण भीतीला कुठं शाळा असते?

मॅडम आल्या तेव्हा ती कपाटापुढं रडत उभी होती. तिनं लोणच्याच्या बरणीत आणलेलं डोणीतलं पाणी पुढं केलं आणि घडलं ते सगळं सांगितलं.

शिवप्रिया मॅडम चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी काचेच्या पट्टीवर थेंब घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि वर्षाराणीला बसवलं. "बघ."

बारीक तांबूस काड्या वळवळत होत्या. मॅडमनी कडेनं साध्या पाण्याचा थेंब सोडला. एका क्षणात काड्या फुगल्या, फुटल्या आणि दिसेनाशा झाल्या.

"रक्त नाही हे. खाऱ्या सरोवरातले जिवाणू आहेत. आपण ज्या मिठात वाळून जाऊ त्यात हे सुखानं राहतात. गोडं पाणी लागलं की फुटतात. पुष्कळ असले तर आतला चिकट ऐवज बाहेर पडून तार धरते."

"म्हंजी भानामती न्हाय?"

"नाही."

वर्षाराणीच्या छातीवरचा धोंडा निम्मा हलला. "मग मिठातनं आपसूक आले असतील?"

"मिठातनं येतात. पुडीतल्या धुतलेल्या मिठात नाही, पण सरोवरावरून तसंच भरलेल्या खड्याच्या मिठात जिवंत येतात. मात्र पाणी असं तांबडं व्हायला तीन आठवडे लागतात, तेही उबेत. तुमची डोण एका रात्रीत तांबडी झाली. म्हणजे तयार झालेलं पाणी कुणीतरी आणून ओतलं."

मॅडमनी बरणी उजेडात धरली. तळाशी केसांचा एक पुंजका होता. त्यांनी तो चिमट्यानं काढून कागदात गुंडाळला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "वर्षा, असं पाणी मला एका जागी नक्की ठाऊक आहे. माझ्या कपाटात. आणि कपाटाची दुसरी किल्ली तुझ्याकडं असते."

३

वर्षाराणीला वाटलं, जमीन फाटावी. "देवाची शपथ, मॅडम. म्या न्हाय."

"मला ठाऊक आहे. चौदावी बाटली शनिवारी माझ्या हातून फुटली, तू सुट्टीवर होतीस. पण उद्या पारावर हाच प्रश्न तुला कुणी विचारला तर? उत्तर तयार पाहिजे. तांबडं पाणी आणखी कुठं असणार, ते आज शोधायचं."

दुपारच्या बसनं दोघी वस्तीवर आल्या. कस्तुराबाई आधी दारच उघडेना. उघडलं तेही पदर तोंडाला लावून, जणू वर्षाराणीच्या वाऱ्यानंही करणी होते.

"म्हाळसाबाई नेमकं काय म्हणाल्या होत्या?" मॅडमनी विचारलं.

"मेंढरं मरतील म्हणली."

"तेवढंच? त्याच्या आधी काय म्हणाल्या?"

कस्तुराबाईनं तोंडावरचा पदर खाली घेतला. मग पुटपुटली, "डॉक्टरनं गोचिडाचं औषध कालवून दिलं व्हतं, मेंढरांला चोळाय. तिनं बादली हुंगली. ह्ये लावू नगं, लई जहाल हाय, मेंढरं मरतील, असं म्हणली."

"मेलेल्या मेंढरांचं काय केलं?"

"डॉक्टर घिऊन गेला. रोग पसरंल म्हणला, लिंबाच्या वगळीला, वढ्याच्या कडंला पुरली. लई केलं त्येनं आमच्यासाठी."

बालाजी बाहेर कुऱ्हाडीला धार लावत होता. शनिवारी संध्याकाळी तू कुठं होतास, असं मॅडमनी विचारताच त्यानं कुऱ्हाड दगडावर आपटली. "रानात. एकलाच. म्याच वतलं म्हणायचंय का? माझी मेंढरं गेली आन् मलाच पुसता?" वर्षाराणीला त्या धारेवरून नजर काढता येईना. ह्याच्या मनात आत्याबद्दल एवढं विष भरलं होतं की त्यानंच हे केलं असेल, असं तिला वाटून गेलं.

उमाशंकरनं मात्र मॅडमना खुर्ची दिली, चहा मागवला. दुकानापुढं खड्याच्या मिठाच्या गोण्यांची थप्पी होती.

"हे मीठ कुठलं?"

"राजस्थानचं. नळदुर्गच्या ढाब्यावर ट्रक थांबतो, तिथनं उचलतो. समदी वस्ती माझंच मीठ नेती, मॅडम. म्हाळसाबाई बी."

दुकानामागच्या गोदामाला कुलूप होतं आणि तिकडून कुबट वास येत होता. वर्षाराणीनं नाकाला पदर लावलेला पाहून तो हसला. "उंदीर मेलाय कुठंतरी." मग हसू तसंच ठेवून म्हणाला, "मॅडम, पाचच्या फुडं बस न्हाय. आन् परक्या माणसानं अमावस्या-पाडव्याला ह्या वस्तीत थांबू ने."

मॅडम पाचच्या बसनं गेल्या. "दहाच्या आत पोलिसांना घेऊन येते," म्हणाल्या. जाताना केसांचा कागद वर्षाराणीच्या हातात ठेवला. "मला हे कळत नाही. मेंढराचे केस आहेत एवढंच समजतं, आणि मेंढरं तर इथं घरोघरी. तू मेंढपाळाच्या घरची. बघ काही सुचतं का."

दिवेलागणीला तिनं कागद उलगडला. म्हाळसाबाईनं चाहूल घेऊन हात पुढं केला. "लोकर का? आण हिकडं."

म्हातारीनं चिमूट बोटांत धरली, चोळली, टोकं जिभेला लावून पाहिली. पन्नास वर्षं कातरणी चालवलेली बोटं ती. त्यांना डोळ्यांची गरज नव्हती.

"ही कातरल्याली न्हाय गं," ती म्हणाली. "कातरल्याली टोकाला बोथट लागती. हिला मूळ हाय. जित्या जनावराची एवढी पुंजक्यानं निघत न्हाय. कातडं कुजाय लागलं की अशी सुटती."

वर्षाराणीनं पुंजका दिव्याजवळ नेला. मुळाशी तांबडा होता. आणि टोकाला निळा. वस्तीत प्रत्येक घर आपापल्या मेंढराच्या पाठीवर आपला रंग लावतं, हरवलं-मिसळलं तर ओळखायला. म्हाळसाबाईच्या घरचा रंग हिरवा. निळा रंग एकाच घरचा होता, आणि ज्यांच्या पाठीवर तो होता ती मेंढरं तर वगळीला पुरलेली होती.

४

मंगळवारी पारावर कढई चढली. दहाला दहा कमी होते, मॅडमचा पत्ता नव्हता. फोन केला तर "वाटेत आहे, ट्रक आडवा झालाय," एवढं ऐकू आलं आणि आवाज तुटला.

तेल उकळत होतं. उमाशंकरनं वाटीभर तांबडं पाणी पाराच्या कडेला ठेवलं होतं, पुरावा म्हणून. बालाजीनं नाणं टाकलं. ते तळाशी टेकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

म्हाळसाबाईनं बांगड्या कोपरापर्यंत सारल्या. "कढई कोणीकडं हाय?" तिनं विचारलं. कुणीतरी तिला दंडाला धरून वळवलं.

वर्षाराणीला बोलायचं होतं, पण जीभ टाळूला चिकटली होती. वीस घरांतली माणसं, कुऱ्हाड खांद्यावर घेतलेला बालाजी, आणि आपण एकटी. मॅडम येईपर्यंत थांबावं, असं भित्र्या मनानं तिला दहा वेळा सांगितलं. मग म्हातारीचा सुरकुतलेला हात कढईच्या वाफेत गेलेला तिला दिसला.

"थांबा!"

आवाज एवढा चिरका निघाला की तिची तीच दचकली. ती पुढं झाली आणि सासूचा हात ओढून तिनं काखेत धरला. "आधी माझं ऐका. मग तिच्या जागी म्या हात घालीन."

"बोल," बालाजी म्हणाला. "पर लांबवू नगं."

"ह्ये रगत न्हाय. मिठाच्या पाण्यातले जीव हायत, राजस्थानच्या मिठातनं आल्याले. गोडं पाणी घातलं की फुटत्यात, तार धरत्यात. ह्यात करणी काय न्हाय. कुणी बी घातलं तरी तार धरंल." तिनं वाटीत तांब्यातलं पाणी ओतलं आणि कढईशेजारची काडी फिरवली. तार उठली. "बघा, म्या काय मंतर म्हणला का?"

गर्दीत चुळबुळ झाली. उमाशंकर हसला. "शिकवून पाठिवलंय पोरीला."

"व्हय, मला मॅडमनं काल शिकिवलं," वर्षाराणी त्याच्याकडं वळली. आता मागं जायला जागा नव्हती. "तुमाला रविवारी कुणी शिकिवलं, डॉक्टर? तार धरंल असं तुमी पाणी वतायच्या आधीच सांगितलं. ज्येनं ह्ये पाणी आधी कुठंतरी गोड्या पाण्यात घालून बघितलंय त्यालाच ह्ये ठाऊक. कुठं घातलं व्हतं?"

उमाशंकरचं हसू जागच्या जागी राहिलं, डोळ्यांतलं मात्र गेलं.

तिनं कागद बालाजीच्या हातावर ठेवला. "ह्ये डोणीतनं निघालं. बघ. कातरल्यालं हाय का?"

बालाजीनं केस चिमटीत धरले. दुसऱ्या कुणाला सांगावं लागलं असतं. त्याला लागलं नाही. त्यानं मूळ पाहिलं, मग टोकाचा निळा रंग पाहिला, आणि बराच वेळ तो तिथंच पाहत राहिला.

"माझ्या मेंढराचं कातडं," तो म्हणाला. "पर ती तर पुरली."

"कुणी पुरली? तुमच्यातलं कुणी बघितलं का? तीन आठवडं झालं. तांबडं व्हायला बी तीन आठवडंच लागत्यात. डॉक्टरनं कातडी काढली, विकाय म्हणून मिठात घातली, आन् त्या मिठाचं पाणी लाल झालं. बादली हुंगून माझी सासू काय म्हणली ती पुरं सांगा की, काकू! ह्ये औषध लावू नगं म्हणली. मेंढरं करणीनं न्हाय मेली, औषधानं मेली. सरकारी डॉक्टरनं चिरून बघितलं असतं तर कळलं असतं, म्हणून त्येनं घाईनं उचलली. आन् मिठाच्या पाण्याचीच डोण निवडली, कारण आडात वतलं असतं तर रंगच टिकला नसता."

कस्तुराबाई खाली बसली. "व्हय. लावू नगं म्हणली व्हती," ती म्हणाली. "म्याच अर्धं सांगत फिरले."

बालाजी फावडं घेऊन वगळीकडं निघाला. मागं अर्धी वस्ती. उमाशंकर मोटारसायकलकडं सरकला, पण किल्ली आधीच कुणीतरी काढून घेतली होती.

खड्डा उथळ होता. नाकाला कापड बांधून बालाजीनं दहा फावडी ओढली आणि थांबला. मेंढरं होती. कातडं एकाच्याही अंगावर नव्हतं.

मॅडम पोलिसांच्या गाडीतून पोचल्या तेव्हा गोदामाचं कुलूप तुटलं होतं. पत्र्याखाली निळं प्लॅस्टिकचं पीप, त्यात पाठीवर निळे पट्टे असलेली अकरा कातडी, आणि वर हातभर तांबडं पाणी. कातड्यांना अजून औषधाचा उग्र वास येत होता.

"चुकून जहाल झालं औषध," उमाशंकर हवालदाराला सांगत होता. "पाणी लाल झालं तवा म्याच भ्यालो. लई भ्यालो. पीप धुवाय गेलो तर तार धरली. मग वाटलं, म्या येवढा भितो तर वस्ती किती भिईल."

५

दुपारी सगळं पांगल्यावर घरात दोघीच राहिल्या. कढईचं तेल कुणीतरी रानात ओतून आलं होतं. बालाजी येऊन म्हातारीच्या पाया पडून गेला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मग ती उठली, चाचपडत चुलीशी गेली. फळीवर तीन डबे, बोटांनी चाचपून त्यातला एक काढला. सकाळपासून तो उजवा हात थांबून थांबून थरथरत होता. चहा उकळला, दोन कपांत गाळला. एक सुनेपुढं ठेवला.

"वर्षे."

"काय आत्या?"

"गोठ्यामागच्या मातीला मुंग्या लागत्यात रोज. साखरंच्या मुंग्या." म्हातारी तिच्याकडं बघत नव्हती, बघता येतही नव्हतं. "तुला बी वाटलं व्हतं न्हवं, म्या केलं म्हणून?"

खोटं बोलणं सोपं होतं. "व्हय," ती म्हणाली. "लई भ्याले व्हते, आत्या."

"मग आज माझ्या जागी हात घालते म्हणलीस ती?"

"तवा बी भ्यालेच व्हते."

वर्षाराणीनं कप उचलला आणि तोंडाला लावला. पहिला घोट जिभेवर आला आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी उभं राहिलं. खारट. थरथरत्या हातानं शेजारचा डबा उचलला होता. तिनं घोट गिळला, मग दुसरा, मग तिसरा.

म्हाळसाबाईनं स्वतःचा कप तोंडाला लावला आणि फुर्रकन बाहेर टाकला. "आगं बया, मीठ पडलं की! सांगायचं न्हाय व्हय? वत, वत ती गोठ्यामागं!"

वर्षाराणीनं सासूचा हात धरला आणि तिची बोटं आपल्या कपात घातली. कप तळापर्यंत रिकामा होता.